इमारतींवरील बेकायदा सिग्नल बूस्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लालबाग-परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत मोबाईलला रेंज मिळत नाही, ही तेथील रहिवाशांची तक्रार रास्तच आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून अनेक सोसायट्या आणि दुकानदार परस्पर सिग्नल बूस्टर, म्हणजे मोबाईलच्या लहरींचा जोर वाढवणारी यंत्रे, बसवून घेतात, त्याचा उपद्रव साऱ्या परिसराला होतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीत रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही फोन लागत नव्हते, लागलेच तर पलीकडच्याला आमचे बोलणे तुटक ऐकू येई. मोबाईल कंपनीच्या तंत्रज्ञाने शोध घेतला, तेव्हा समोरच्या गच्चीवर असाच एक बूस्टर सापडला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टूजीच्या काळात शेजारशेजारच्या टॉवरना वेगवेगळे चॅनेल, म्हणजे लहरींचे वेगवेगळे पट्टे, दिले जात, त्यामुळे त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळत नसत. फोरजीत कंपनीचे शेजारचे टॉवरही बहुधा एकच चॅनेल वापरतात. त्या चॅनेलचे १८० किलोहर्ट्झचे तुकडे पाडून कोणत्या क्षणी कोणत्या फोनला कोणता तुकडा द्यायचा, हे टॉवर ठरवतो आणि फोनने किती जोर लावायचा, हेही तोच सतत सांगत राहतो. फोनचा जोर तो किती? फार तर ०.२ वॅट. इतका क्षीण आवाज टॉवरला ऐकू यायचा, तर भोवती शांतता हवी. स्वस्तातला बूस्टर ती मोडतो, कारण तो फोनच्या लहरींबरोबर स्वतःचा गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो, आणि तोही बहुधा एकाच कंपनीच्या चॅनेलवर नव्हे. त्याचे गच्चीवरचे आणि घरातले अँटेना जवळ असतील, तर मंडपातला माईक कर्ण्यासमोर धरल्यावर जशी शिट्टी वाजते, तसाच प्रकार होतो. टॉवरचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचत असल्याने दांड्या पूर्ण दिसत होत्या. आमचा आवाज मात्र त्याला ऐकू जात नव्हता. आजारी माणसासाठी १०८ ला फोन करायची वेळ आली असती, तर काय झाले असते, या विचाराने आजही धास्ती वाटते.

परवानगीशिवाय असा बूस्टर विकणे, बाळगणे किंवा बसवणे हा गुन्हा आहे, आणि त्याचा माग काढणारी वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन दूरसंचार विभागातच आहे. तरीही ही यंत्रे उघडपणे विकली जात असतील, तर रेंजसाठी कासावीस झालेल्या सोसायटीआधी विक्रेत्यांवर कारवाई व्हायला हवी. इमारतीच्या आत कंपन्यांच्या सहभागाने छोटे अँटेना बसवणे हा योग्य मार्ग असून, त्यासाठी जागा व वाहिन्यांची सोय बांधकामाच्या वेळीच झाली पाहिजे. दूरसंचार नियामक असलेल्या ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम केले आहेत. ते मानांकन ऐच्छिक न ठेवता मुंबईतील पुनर्विकास प्रकल्पांना बंधनकारक करावे, अशी माझी राज्य सरकारला आणि महापालिकेला आग्रहाची विनंती आहे.

– एक रहिवासी, लालबाग, मुंबई