काकी, आता माझा धंदा लोकांना सांगता येतो

ती. स्व. काकींना,
सा. न. वि. वि.

आभार मानायला मी दोनदा तुमच्या मेसवर येऊन गेलो. पहिल्यांदा तुम्ही 'आधी जेव' म्हणालात आणि जेवल्यावर बोलायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांदा तांबडा रस्सा संपत आलेला, दारात दहा-बारा माणसं उभी, आणि तुम्ही मलाच ताटं पुसायला लावलीत. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. रागावू नका.

तुम्हाला तो गुरुवार आठवत नसेल. मला आठवतो, कारण त्या दिवशी मी आमचा ग्रुप, एकमेकांना कामं मिळवून देणाऱ्या धंदेवाल्यांचा, सोडायचं ठरवून आलो होतो. सकाळी साडेसातची मीटिंग, हॉटेलचा हॉल, गार होत चाललेला उपमा. एकेकानं उभं राहायचं, 60 सेकंदांत आपली ओळख सांगायची, घंटा वाजली की बसायचं. 45 जण, म्हणजे पाऊण तास नुसत्या ओळखी. वर्षाची फी एकरकमी भरली होती (घरी निम्मीच सांगितली होती) आणि अडीच महिन्यांत एक काम मिळालं नव्हतं.

चूक माझी होती, पण तेव्हा ती दिसत नव्हती. पहिल्या गुरुवारी मी सुरुवातच केली, 'आमच्या वडिलांनी 1987 साली शिवाजी उद्यमनगरात...' आणि घंटा वाजली तेव्हा मी 2004 पर्यंत पोचलो होतो. काय करतो ते सांगायचंच राहिलं. पुढच्या खेपेला इतिहास गाळला आणि थेट कामावर आलो. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरला सुमारे 10 मिलिमीटर आकसतं, पोलाद त्याच्या दुप्पट, ते धरून आम्ही पॅटर्न मोठा करतो, ड्राफ्ट देतो, कोअर बॉक्स करतो, लाकडात आणि ॲल्युमिनियममध्ये. सगळं खरं आणि बिनचूक. चहाच्या टेबलापाशी एका गृहस्थांनी आपुलकीनं विचारलं, 'मिसेसचं बुटीक आहे. ब्लाउजचे पॅटर्न करून द्याल का?'

मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्याच वस्तीत वाढलेल्या पोराला आपला धंदा समजावून सांगायची वेळच येत नाही. त्या गल्ल्यांत भट्टीवाला, लेथवाला, पॅटर्नवाला सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात. 'पॅटर्नवाल्यांचा थोरला' एवढीच माझी ओळख, आणि तेवढी पुरायची. पण वडिलांची गिऱ्हाइकं शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेली. तिथं आता त्यांची मुलं बसतात, आणि त्यांना मी कुणाचा थोरला हे ठाऊक नाही.

त्या गुरुवारी तुम्ही पाहुण्या म्हणून आला होतात आणि नेमक्या माझ्या शेजारी बसलात. माझं मिनिट संपलं, मी बसलो, आणि तुम्ही कुजबुजलात तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, 'बाळ, तू नक्की करतोस काय?'

मी पुन्हा आकसण्यापासून सुरुवात केली. तुम्ही हात वर करून थांबवलंत. 'मला लोखंडातलं काही कळत नाही. जेवणातलं सांग.'

मी म्हणालो, मोदकाच्या साच्यासारखं. लगेच मलाच खटकलं. मोदकाचा साचा पोकळ असतो, त्यात आपण सारण भरतो. आमचा पॅटर्न म्हणजे साचा नव्हे, ज्याच्यावरून साचा पडतो तो. हे मी दोन मिनिटं समजावत बसलो आणि तुम्ही टेबलावरची वाटी उचलून उपम्यात बुडाकडून दाबलीत. वर काढलीत तर खड्डा. 'ही उपम्याची जागा म्हणजे वाळू. ह्या खड्ड्यात ते लोखंड ओतणार. आणि ही वाटी तू करतोस. असंच ना?'

काकी, बाविसाव्या वर्षापासून ह्या धंद्यात आहे. असं कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

मग तुम्ही माझं कार्ड मागितलंत. त्यावर चौदा कामांची यादी होती आणि खाली इंग्रजीत दर्जाबद्दलचं एक वाक्य. तुम्ही ते वाचलं नाहीत, उलटं करून मागच्या बाजूला परवाच्या बारशाच्या ऑर्डरीचा हिशोब मांडलात. माझ्या कार्डाचा तेवढा उपयोग तोवर कुणीच केला नव्हता.

पण खरी गोष्ट तुम्ही निघता निघता, चपला शोधत सांगितलीत. मी दर वेळी शेवटी म्हणायचो, 'कुणालाही कास्टिंगसंबंधी काही काम असेल तर सांगा.' तुम्ही म्हणालात, 'कुणाचंही लग्न असलं तर मला सांगा म्हटलं ना, तर कुणी सांगत नाही. तुमच्या गल्लीत मांडव पडलेला दिसला तर सांगा म्हटलं, की संध्याकाळपर्यंत दोन फोन येतात. माणसाला काय बघायचं ते सांगावं लागतं.'

मी घरी जाऊन ह्यावर रात्रभर विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. मी दुकानात गेलो आणि दुपारी जेवताना एकदम लक्षात आलं. त्या हॉलमधल्या 45 जणांत पॅटर्न विकत घेणारा एकही नव्हता. सीए, पेस्ट कंट्रोलवाले, टेम्पोवाले, विमा एजंट, दोन दंतवैद्य. मी मात्र दर गुरुवारी ते गिऱ्हाईक असल्यासारखा त्यांना माल दाखवत होतो. त्यांना माझा माल नको होता, पण ते दिवसभर शंभर ठिकाणी जात होते. त्यांच्या तोंडी बसेल असं एक वाक्य मी द्यायला हवं होतं, आणि डोळ्यांना बघायला एक मांडव.

मांडव शोधायला मला आठवडा लागला. माझ्या कामाची गरज फौंड्रीवाल्याला, म्हणजे लोखंड ओतून पार्ट करणाऱ्याला, नेमकी कधी पडते? नवीन पार्ट येतो तेव्हा, पण ते बाहेरच्याला दिसत नाही. जुना पॅटर्न झिजतो तेव्हा मात्र दिसतं. कोअर (भोक राहावं म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) हलतो, भोक सरकतं, दोन अर्ध्या भागांची कड जुळत नाही, आणि तयार कास्टिंग गिऱ्हाइकाकडून परत येतं. रिजेक्शन. ते टेम्पोतून उतरतं आणि गेटवर आरडाओरडा होतो. आरडाओरडा कुणालाही ऐकू येतो.

पुढच्या गुरुवारी मी वाटी घेऊनच उभा राहिलो. वाळू नव्हती, म्हणून तुमच्यासारखाच उपमा वापरला. म्हणालो, 'वाळूत वाटी दाबली की खड्डा पडतो, त्यात लोखंड ओततात. ती वाटी मी करतो. वाटी झिजली की माल बिघडून परत येतो. कुठल्या फौंड्रीच्या गेटवर माल परत आल्याची भांडणं ऐकलीत तर मला फोन करा.' मग नाव सांगितलं. नाव शेवटी सांगायचं हीही तुमचीच सूचना. सुरुवातीला लोक खुर्च्या सरकवत असतात, नाव कुणाच्या कानात शिरत नाही. मी घड्याळ पाहिलं, 25 सेकंदसुद्धा झाले नव्हते. उरलेला वेळ काय करायचं ते कळेना, म्हणून उपमा खाल्ला. हॉल हसला.

तीन आठवड्यांनी आमच्यातल्या टेम्पोवाल्यांचा फोन आला. गोकुळ शिरगावातल्या एका गेटवर ते माल उतरवत होते आणि मागून मला आवाज ऐकू येत होता, भोकं जुळत नाहीत म्हणून कुणीतरी कुणालातरी झाडत होतं. टेम्पोवाले म्हणाले, 'मालक, वाटी झिजलेली दिसते. आमच्याकडं वाटीवाला आहे.' त्यांनी फोन तसाच त्या मालकाच्या हातात दिला.

फार मोठं काम नव्हतं. दोन कोअर बॉक्सची दुरुस्ती, तीन दिवस. पण आता त्यांचे चार पॅटर्न माझ्याकडं आहेत, आणि फीचा खरा आकडा मी घरी सांगून टाकला आहे.

एका बाबतीत मात्र तुमचं मी ऐकलेलं नाही. वडिलांचं सगळं गाळ म्हणाला होतात. हॉलमध्ये गाळतो. पण फौंड्रीवाल्यासमोर बसलो की आधी त्यांचंच नाव घेतो. तिथं साठीच्या पुढचा एखादा मोल्डर, वाळूत साचा पाडणारा, निघतोच, जो मान वर करून म्हणतो, 'म्हणजे तू पॅटर्नवाल्यांचा थोरला होय?' तिथं वाटी लागत नाही.

तुम्ही पुन्हा मीटिंगला आला नाहीत. साडेसातला डब्यांची घाई असते हे तुमचं कारण मला पटतं. पण ताटं पुसताना तुम्ही एक काम सांगितलं होतंत, दिवाळीच्या ऑर्डरीसाठी मोठ्या करंजीचा लाकडी साचा. तो सागवानात करून ठेवला आहे, कडेला मुरड पडेल अशी नक्षी कोरली आहे. अडलंय फक्त माप. बीड किती आकसतं ते मला झोपेतही सांगता येतं, पण करंजी तळताना उलट फुगते, आणि किती फुगते ते आमच्या पट्टीवर नाही. तेवढं तुम्ही सांगा, की मग कड तासून आणून देतो.

तुमचा,
वाटीवाला