पाचवीच्या दुपारी आलेल्या आशाताईंना

आदरणीय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

माझी लेक येत्या आठवड्यात सहा महिन्यांची होईल आणि तिच्या उष्टावणाची तयारी घरात सुरू आहे. दवाखान्यातला पहिला दिवस सोडला तर या सहा महिन्यांत तिने आईच्या दुधाखेरीज काहीही घेतलेले नाही, मे महिन्याच्या त्या उन्हातसुद्धा पाण्याचा घोट घेतलेला नाही, आणि हे माझ्या हातून घडू शकले ते गावच्या आशा सेविका म्हणून तुम्ही दिलेल्या एका दुपारमुळे. त्या दिवशी मी तुमचे आभार दारातच, उभ्याउभ्या मानले होते. ते मला अपुरे वाटत राहिले, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहिते आहे, कारण दूध दाटण्याचा त्रास आपल्याकडच्या कितीतरी बाळंतिणी अंधाऱ्या खोलीत, पदराआड, कोणालाही न सांगता सोसतात. नऊ महिन्यांत मला आहाराबद्दल, लोहाच्या गोळ्यांबद्दल, कळांबद्दल पुष्कळांनी सांगितले. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होऊ शकते, हे मात्र एकानेही सांगितले नव्हते.

बाळंतपण शहरातल्या एका खासगी दवाखान्यात झाले. बाळ सुखरूप होते, तरी पहिला दिवसभर ते माझ्याजवळ नव्हते, आणि मला न विचारता त्याला बाटलीने डब्याचे दूध दिले गेले. जन्मानंतरच्या पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावावे, हे भिंतीवरच्या फलकावर लिहिलेले होते. मला मात्र बाळ कसे धरायचे ते दाखवायला कोणालाही वेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली आणि मी चोपडा तालुक्यातल्या माझ्या माहेरी, आपल्या गावी आले. तिसऱ्या दिवशी तुम्ही ठरल्याप्रमाणे भेटीला आलात, झोळीत घालून बाळाचे वजन केलेत, नाळ पाहिलीत, आणि "माझ्यासमोर एकदा पाजून दाखव" असे म्हणालात. मी संकोचाने "आत्ताच पाजले" असे सांगितले. ते खरे नव्हते. बाळ नीट पीत नव्हते आणि ते दाखवायची मला लाज वाटत होती. आज हे इथे कबूल करते, कारण माझ्यासारखेच उत्तर अनेकजणी देत असतील.

चौथ्या दिवशी रात्री त्रास सुरू झाला. आधी नुसती जडता होती, मग पहाटेपर्यंत दोन्ही बाजू काखेपर्यंत ताठरल्या, कातडी ताणून चकाकू लागली, हात अंगाशी टेकवणेही अशक्य झाले. पदराचा स्पर्श सोसेना. बाळ तोंड लावी, पण बोंडाभोवतीचा भागच इतका कडक झाला होता की त्याच्या तोंडात काही येतच नसे. ते सुटून जाई आणि किंचाळून रडे. घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की पोरीला दूधच आलेले नाही. मोठी मायने, म्हणजे माझ्या आजीने, तव्यावर फडके तापवून शेक दिला, तेल लावून गाठी जोरात चोळल्या, आणि तिच्या काळच्या रीतीने मला पाणी मोजूनमापून द्यायला लावले. शेक जितका वाढला तितकी सूज वाढली. यात मोठी मायला मी तिळभरही दोष देत नाही. रात्रभर ती माझ्या उशाशी बसून होती, आणि तिला जे ठाऊक होते ते सर्व तिने केले.

पाचव्या दिवशी पाचवी होती. पाटा-वरवंटा धुऊन ठेवलेला, सटवाईच्या पूजेची तयारी चाललेली, घरात बायकांची ये-जा, आणि प्रत्येकीजवळ एक उपाय. दुपारपर्यंत डब्याचे दूध आणायला भाऊ निघालाही होता. त्याआधी आईने तुम्हाला फोन केला. बाहेर केळीच्या बागासुद्धा कोमेजलेल्या दिसत होत्या असे ते ऊन, आणि तुम्ही तोंडाला रुमाल बांधून अडीच वाजता पायी आलात.

तुम्ही केलेली पहिली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आलेल्या बायकांना तुम्ही गोड बोलून ओट्यावर बसवलेत, खोलीत फक्त आई आणि मोठी माय ठेवलीत, कोपरापर्यंत हात धुतलेत, आणि काहीही न सांगता आधी मला पाजायला लावून पाहत बसलात. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "घाबरू नको व बेटा, दूध कमी नही शे, जास्ती व्हयी जायेल शे." म्हणजे दूध कमी नाही, जास्त झाले आहे. आदल्या रात्रीपासून मी ज्या अपराधी भावनेने रडत होते, ती त्या एका वाक्याने निम्मी झाली.

त्यानंतर तुम्ही कारण समजावून सांगितलेत, आणि मोठी मायलाही पटेल अशा शब्दांत सांगितलेत. वार पडल्यावर शरीराला दूध तयार करण्याचा इशारा मिळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीकडे रक्ताचा पुरवठा एकदम वाढतो, दूध भरू लागते आणि आजूबाजूला पाणी साचून सूज येते. त्या वेळी बाळ वरचेवर पीत असेल तर हे भरणे फारसे जाणवत नाही. पण पहिल्या दिवसात पाजणे चुकले असेल, तर दूध आत राहते, सूज दूध बाहेर येण्याच्या वाटा दाबते, आणि दुखण्याने व काळजीने पान्हाही लवकर फुटत नाही. म्हणजे कडकपणा हा फक्त दुधाचा नसतो, सुजेचाही असतो, आणि म्हणूनच सतत शेकल्याने तो वाढतो. जोरात चोळल्याने तर आतला नाजूक भाग आणखी दुखावतो.

मग तुम्ही माझीच बोटे धरून शिकवलेत. नखे कापायला लावलीत, मला भिंतीला टेकवून जरा मागे रेलून बसवलेत, आणि दोन्ही हातांच्या बोटांची टोके बोंडाच्या अगदी मुळाशी, गोलाकार ठेवून छातीच्या दिशेने आत, सावकाश दाबून धरायला सांगितलेत. चोळायचे नाही, ओढायचे नाही, नुसते दाबून धरायचे. तुम्ही हळूहळू साठपर्यंत आकडे मोजत होता. बोटे उचलली तेव्हा भिजवलेल्या कणकेवर उमटावेत तसे खळगे तिथे दिसत होते. सूज मागे सरकली होती आणि तेवढाच भाग मऊ झाला होता. बोटांची जागा बदलून तुम्ही पुन्हा साठ मोजलेत. त्यानंतर अंगठा वर, बोटे खाली, काळसर भागाच्या जरा मागे ठेवून आधी छातीकडे आणि मग एकमेकांकडे दाबायला शिकवलेत. पहिल्या दोन-तीन वेळा काहीच आले नाही. मग एक पिवळसर थेंब, आणखी एक, आणि नंतर स्टीलच्या वाटीत बारीक धार वाजली. मोठी माय पुढे वाकून त्या वाटीकडे पाहत राहिली. चमचाभर दूध काढून झाल्यावर तुम्ही थांबवलेत, बाळाला पोटाशी पोट लागेल असे आडवे धरायला लावलेत, त्याने तोंड मोठे उघडेपर्यंत वाट पाहायला सांगितलीत, आणि हनुवटी आधी टेकेल अशा रीतीने त्याला जवळ घेतलेत. या वेळी ते सुटले नाही. काही क्षण नुसते भराभर चोखणे चालले, मग ते संथ झाले, आणि आम्हा चौघींना घोट गिळल्याचा आवाज ऐकू आला. आई तिथेच रडू लागली.

पुढच्या दोन दिवसांसाठी तुम्ही जे सांगितलेत ते आईने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले, आणि ते पान आजही आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचे, रात्रीही, घड्याळ न पाहता बाळाने मागितले की. कोमट फडके लावायचेच असेल तर पाजण्याआधी क्षणभर, पान्हा फुटण्यापुरते. दोन पाजण्यांच्या मधे मात्र गार घडी, दहा-पंधरा मिनिटे. शेजारच्या काकूंच्या फ्रीजमधली पत्ताकोबीची धुतलेली गार पानेही मी ठेवून पाहिली, त्यांनी बरे वाटले. माझ्या मते त्यात पानापेक्षा गारव्याचा गुण जास्त असावा, कारण लाइट गेली की माठातल्या पाण्याची ओली घडीही तितकाच आराम देई. पाणी तहानेप्रमाणे भरपूर प्यायचे, ते तोडल्याने दाटलेले दूध उतरत नाही. आणि जी गोष्ट मी स्वतःहून नक्की चुकले असते ती ही, की छाती पूर्ण रिकामी करण्याच्या मागे लागायचे नाही. आराम पडेल किंवा बाळाला धरता येईल इतकेच दूध हाताने काढायचे. त्याहून जास्त काढत गेले तर शरीराला वाटते की मागणी वाढली आहे, आणि ते आणखी दूध तयार करते. काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजायचे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवून द्यायचे नाही, हेही तुम्ही बजावलेत.

तुम्ही धोक्याच्या खुणाही सांगितल्यात: ताप १०१ च्या वर गेला, हुडहुडी भरली, एखाद्या ठिकाणी लाल चट्टा दिसून तिथली गाठ दुखत राहिली, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात यायचे, आणि तरीही त्या बाजूने पाजणे थांबवायचे नाही. हे ऐकताना मला माझी चुलत बहीण आठवत होती. काही वर्षांपूर्वी तिला नेमके उलटे सांगितले गेले. तिने दुखऱ्या बाजूने पाजणे बंद केले, तिथे पू झाला, चीर द्यावी लागली, आणि तिचे बाळ दुसऱ्या महिन्यातच बाटलीवर गेले. ती अजूनही म्हणते की तिच्या अंगावर दूध टिकले नाही. दूध होते. तिच्याजवळ बसून पाहणारे कोणी नव्हते.

माझी सूज तुमच्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बरीच उतरली आणि तिसऱ्या दिवशी मी कुशीवर झोपले. जन्मावेळी २ किलो ९०० ग्रॅम असलेली लेक पाचव्या दिवशी २ किलो ७०० ग्रॅमवर आली होती. चौदाव्या दिवशी तुमच्या झोळीचा काटा २ किलो ९५० ग्रॅमवर थांबला, तेव्हा तुम्हीच माझ्याआधी हसलात.

एक गोष्ट मला नंतर समजली. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी तुमच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात, आणि त्या सगळ्या पूर्ण केल्यावर मिळून २५० रुपये मोबदला मिळतो. आमच्या घरी तुम्ही आलात तो पाचवा दिवस त्या कागदावर नव्हताच. भर दुपारी, बिनमोबदल्याची, दीड तासाची ती भेट तुम्ही कुठेही नोंदवू शकत नव्हता, म्हणून ती मी इथे नोंदवत आहे. सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही पुन्हा डोकावून गेलात, तेही कुठे लिहिलेले नसेल.

तुमच्या हाताखालून गेलेली कृती आता आमच्या घरात राहिली आहे. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका ओल्या बाळंतिणीला हाच त्रास सुरू झाल्याचे कळले, तेव्हा मोठी माय काठी टेकत स्वतः तिच्या घरी गेली, शेकाचे फडके बाजूला ठेवायला लावले आणि तिच्या उशाशी बसून एक ते साठ आकडे मोजले. साठानंतर काय करायचे ते मात्र तिने सांगितले नाही. "आशाताईला बोलवा" एवढेच म्हणाली.

उष्टावण रविवारी सकाळी आहे. तुम्ही आल्याशिवाय लेकीच्या तोंडी खीर लागणार नाही, असे आईने ठरवले आहे, तेव्हा अवश्य यावे.

आपली कृतज्ञ,
तुमच्या गावची एक माहेरवाशीण