कोरेगावला रूळ बघायला गेलो त्याची गोष्ट

कोल्हापूर,
मंगळवार

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू हसलास, "साठी उलटल्यावर माणसं काशीला जातात, तू रेल्वेचं बांधकाम बघायला निघालास होय!" फोनवर सगळं सांगणं होत नाही, आणि गार्डाच्या पोराला अर्धवट सांगून भागायचं नाही. म्हणून कागद पुढं ओढलाय. चहा घेऊन बस.

माझा भाचा अमोल तुला आठवत असेल. तो आता पुणे-मिरज रेल्वेलाइनीच्या दुहेरीकरणाच्या एका ठेकेदाराकडं साइट इंजिनिअर आहे, मुक्काम कोरेगाव. "मामा, एकदा या की" म्हणून कधीचा मागं लागला होता. मलाही निमित्त हवंच होतं. आमच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी कोल्हापुरातून कोकणात उतरायच्या वैभववाडी लाइनवरून भांडणं पेटतात. 2016-17 च्या रेल्वे बजेटात मंजूर झालेली, साधारण 107 किलोमीटरची लाइन अजून का होत नाही, कोण आडवं आलं, कुणाची इच्छाशक्ती कमी पडली वगैरे. भांडणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा. पण एक किलोमीटर रूळ पडायला काय काय लागतं, हे आमच्यातल्या एकानंही डोळ्यांनी बघितलेलं नाही.

सकाळची कोयना एक्स्प्रेस धरली. खिडकी मिळाली. वळिवडे गेलं आणि रुकडीजवळचा पंचगंगेचा पूल आला. या पुलावर मी दरवेळी पाण्याकडं बघतो, तुलाही ती सवय असणार. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी चढलं आणि इथूनच आपली कोल्हापूरची गाडी बंद झाली. आता नदी खाली शांत पडलेली, कडेला ऊस. पुढं हातकणंगल्याला गाडी क्रॉसिंगला थांबली ती थांबलीच. समोरची गाडी येईपर्यंत आपण गप्प बसायचं. 1888 साली शाहू महाराज जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे असताना या लाइनीची पायाभरणी झाली, 1891 ला गाडी सुरू झाली. मीटर गेजची ब्रॉड गेज झाली, कोळशाचं डिझेल झालं, डिझेलची वीज झाली, पण मिरज-कोल्हापूर एकेरी ती एकेरीच. कट्ट्यावर कोकणात उतरायच्या गप्पा मारणाऱ्यांना या हातकणंगल्याच्या फलाटावर तासभर बसवायला पाहिजे.

जयसिंगपूरला भडंग घेतलं. मिरजेत नेहमीचा कार्यक्रम, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला. तोवर खाली उतरून फलाटावर फेरी मारली. तुझे वडील पांढऱ्या कोटात, हातात बत्ती घेऊन इथंच उभे असायचे. एकाच स्टेशनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेजं बघितलेली आपली पिढी. अमोलला सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

सांगलीच्या पुढं बऱ्याच ठिकाणी दुसरा रूळ शेजारून पळताना दिसतो. किर्लोस्करवाडी गेली, ताकारी गेली. शेणोली आली तेव्हा समोरच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरांना विचारलं, इथं 1943 च्या जूनमध्ये काय झालं माहीत आहे काय? नव्हतं. मग प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं इंग्रजांची पगाराची गाडी कशी अडवली ते सांगितलं. पोरांनी मोबाइल खाली ठेवून ऐकलं, हे विशेष.

बाराच्या सुमारास कोरेगाव. अमोल मोटारसायकल घेऊन हजर. डोक्यावर टोपी, अंगात नारिंगी जाकीट घातल्याशिवाय साइटवर पाऊल टाकू देईना. पहिला नियम असा, की चालू रुळाकडं पाठ करून उभं राहायचं नाही. लाल-हिरवा झेंडा घेतलेला एक माणूस फक्त गाडीवर नजर ठेवून असतो. त्याची शिट्टी वाजली की सगळे हातातलं टाकून बाजूला. काम चालू रुळापासून चार-पाच मीटरवर, आणि गाड्या आपल्या वेळेला धावणार. कोरं रान मिळालं असतं तर निम्मा त्रास वाचला असता, असं अमोल म्हणाला.

मला वाटलं होतं रूळ बघायला मिळतील. अमोल मला पहिले दोन तास मातीच दाखवत होता! कृष्णाकाठची काळी माती तुला ठाऊक आहे. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर भराव टाकला तर रूळ वरखाली व्हायला लागतात. म्हणून ती उकरून काढायची आणि मुरूम आणून टाकायचा. तोही एकदम ढीग नाही. वीतभर थर, त्यावर टँकरनं पाणी, त्यावर रोलर, मग पुढचा थर. एक पोरगा उकिडवा बसून दाबलेल्या थरात चमच्यानं गोल खड्डा करत होता. निघालेली माती कण न सांडता पिशवीत घातली, तराजूवर वजन केलं. मग त्या खड्ड्यात नळकांड्यातून बारीक वाळू सोडली आणि किती वाळू मावली त्यावरून खड्ड्याचं माप काढलं. वजन आणि माप जुळवलं की थर किती घट्ट बसलाय ते कळतं. कमी भरला तर परत रोलर. हार्डवेअरच्या दुकानात मी चाळीस वर्षं तराजू धरला, पण एवढ्या जपून खिळे कधी मोजले नाहीत.

"मामा, रूळ टाकणं सोपं असतं, पाणी काढून देणं अवघड," अमोल म्हणाला. भरावाला दोन्ही बाजूंनी उतार, कडेला गटार, ओढा आला की मोरी, नदी आली की पूल. पाणी अडलं की भराव गेला, भराव गेला की रूळ हवेत लोंबकळणार. हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर रुकडीच होती. वर खडीचा थर असतो तोही त्यासाठीच. गाडीचा भार पसरतो आणि पाणी खाली निघून जातं. खडी मातीनं भरली की ती पाणी धरते, म्हणून ठरावीक वर्षांनी चाळून घ्यावी लागते. मी आजवर समजत होतो, खडी नुसती रुळाखालचे आडवे स्लीपर हलू नयेत म्हणून टाकतात.

मग शेवटी रुळावर नेलं. सिमेंटचे स्लीपर, मीटरला 60 किलो वजनाचा रूळ, आणि तो स्लीपरला धरून ठेवणारी वाकडी लोखंडी क्लिप, ज्याला कामगार चावी म्हणतात. जोड मारायचं काम चालू होतं. दोन रुळांच्या मध्ये इंचभर फट ठेवलेली. तिच्याभोवती साचा बसवला, कडा चिखलानं लिंपल्या आणि आधी बर्नरनं रुळाची टोकं लालबुंद तापवली. वर भांड्यात ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा ऑक्साइड. झारखंडच्या एका मिस्त्रीनं खिशातून काय काढावं? दिवाळीतली फुलबाजी! ती पेटवून भांड्यात खुपसली आणि मला हातानं मागं सारलं. काही सेकंदांत भांडं पांढरं पेटलं, बघवेना. वितळलेलं पोलाद साच्यात उतरलं. जरा थांबून साचा फोडला, वरचं जास्तीचं लोखंड गरम असतानाच छाटून टाकलं आणि नंतर घासून असं गुळगुळीत केलं की बोट फिरवलं तर जोड लागत नाही. एवढ्यावर सुटका नाही. नंतर त्यावर यंत्र फिरवून आत पोकळी राहिली काय तेही बघतात. आपल्या लहानपणीचा 'खडक-खडक' आवाज का गेला, ते तिथं कळलं.

सगळं झालं तरी गाडी लगेच सोडत नाहीत. सिग्नल जोडायचे, मेगाब्लॉक घ्यायचा, मग रेल्वे सुरक्षा आयुक्त स्वतः येऊन तपासणार, वेगाची चाचणी घेणार, तेव्हा कुठं मंजुरी. आणि ब्लॉक घेतला की गाड्या रद्द होतात, आणि आपण कट्ट्यावर शिव्या घालतो.

येताना कोयनेतच डोक्यात हिशोब चालू होता. कोरेगावला बऱ्यापैकी सपाट रान आहे, शेजारी चालू लाइन आहे, माल रुळावरून येतो, तरी एवढा खटाटोप. वैभववाडीला काय करणार? आपलं कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर, आणि उतरायचं सह्याद्रीच्या पलीकडं, गगनबावड्याच्या पावसात. बोरघाटात 37 मीटरला एक मीटर चढ आहे, तिथं अजून मागून इंजिनं लावून गाड्या ढकलतात. तसा चढ टाळायचा तर बोगदे आले, लांबी आली, खर्च आला. लाइन होऊ नये असं मी म्हणत नाही, व्हायलाच पाहिजे. कोकण रेल्वेनं साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा खणून दाखवलाच की. पण माझं मत असं झालंय, की आपण कोल्हापूरकरांनी आधी मिरजेपर्यंतचा दुसरा रूळ मागावा, आणि त्यासाठी वैभववाडीएवढंच भांडावं. रुकडीला पुराच्या वर राहील असा पूल मिळाला तरी मी गप्प बसेन. कट्ट्यावर हे बोललो तर दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलंय!

घरी पोचायला साडेआठ वाजून गेले. बुटात एवढी लाल माती होती, की हिनं दारातच काढायला लावले.

आता तुझ्याकडं एक काम. अमोलला मीटर गेजच्या काळातलं काहीही बघायचं आहे. वडिलांची ड्युटीची टाइमटेबलं, डायरी, काही ठेवलं असशील तर दिवाळीला येताना घेऊन ये. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं नागपूरहून आरक्षण आत्ताच कर, नंतर वेटिंग लागतं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
शिवा