विषय : थेट उन्हात ठेवल्याचा माझा गुन्हा आणि फुटलेले ९ बॅरिअर

व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

आज दुपारी तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोललो. पाचव्यांदा बोलायची ताकद नाही, म्हणून लिहितो आहे.

फेब्रुवारीत तुमचे प्लास्टिकचे लाल-पांढरे, पाणी भरायचे २४ बॅरिअर रोख पैसे मोजून घेतले. दर्यापूर तालुक्यात रपट्याचं काम चालू आहे, तिथल्या वळणरस्त्याला लावले. मेचा दुसरा आठवडा संपेस्तोवर ९ फुटले. सगळ्यांना तडा एकाच जागी, खालच्या बुचाभोवती. पहाटे चौकीदाराचा फोन आला, "भाऊ, तुमच्या डब्यायनं सारं पानी सोडलं." खारपाणपट्टा आहे हा, टँकरचं पाणी विकत घेऊन भरलं होतं. रिकामा झालेला एक डबा वावधनात उडून शेजारच्या वावरात जाऊन पडला. दुसऱ्याला बंडीच्या चाकाचा तुंबा नुसता घासला, तर कोपरा पापडासारखा तुटला. बंडीवाल्यानं खाली उतरून माझी माफी मागितली. तुमच्याकडून अजून कोणी मागितलेली नाही.

आता आजचं संभाषण. शांतपणे लिहायचं ठरवलं आहे.

"सर, बॅरिअर थेट सूर्यप्रकाशात ठेवला होता का?"

मी म्हटलं, रस्त्यावर ठेवला होता.

"हो सर, पण थेट सूर्यप्रकाशात?"

तुमच्याकडे रस्ते माजघरातून जातात का, असं मी विचारलं. तो हसला नाही. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. 'ग्राहकाने उन्हात ठेवल्याचे कबूल केले' असंच काहीतरी लिहिलं असणार. मग म्हणे, "पाणी भरून ठेवला होता का?" अहो, त्यावर तुम्हीच 'इथपर्यंत पाणी भरा' अशी रेघ ओढली आहे! शेवटी त्यानं हुकमाचं पान टाकलं, "सर, आपला माल उणे ४० अंशाला आघात चाचणी पास आहे." मी म्हटलं, त्यातला उणे काढा, नुसते ४० ठेवा. तेवढं आमच्याकडे एप्रिल लागता लागता होतं, मेमध्ये ४५. त्यावर त्याचा सल्ला : "मग दुपारपुरते सावलीत हलवता येतील का?"

पाण्यासकट एक डबा चारशे किलोच्या वर जातो. असे २४. बारा वाजता सावलीत न्यायचे, चारला परत आणायचे. आणि मधल्या वेळात येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला काय सांगायचं, खड्डा दुपारी बंद असतो?

बुटीबोरीच्या एमआयडीसीत टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात माझा साडू आहे. त्याला हे हसत हसत सांगितलं तर त्यानं मलाच गप्प केलं. म्हणाला, ती उण्याची चाचणी खुळी नाही. साच्यात प्लास्टिकची पावडर नीट भाजली गेली की नाही, हे गोठवलेल्या तुकड्यावर वजन पाडलं की कळतं. कच्चा राहिलेला माल तिथेच काचेसारखा फुटतो. मग त्यानं माझ्या फुटलेल्या डब्याचा एक तुकडा हॅकसॉनं कापला. जाडीत साबुदाण्याएवढे बुडबुडे. आतला भाग हाताला खरखरीत, पोळी वरून शेकावी आणि आत कच्ची राहावी तसा. जाडी सपाट जागी ६ मिलिमीटर, बुचापाशी जेमतेम ३. बाहेरून हात फिरवला तर बोटाला पांढरी भुकटी आणि लाल रंगाची पपई झालेली. साडू म्हणाला, रंग वितळवून न मिसळता नुसता पावडरीत घुसळला असेल तरी माल ठिसूळ होतो.

म्हणजे चाचणी बरोबर आहे. माझे डबे त्या चाचणीला गेले होते का, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून तुमचा प्रयोगशाळेचा अहवाल उघडून वाचला. तुम्हीही एकदा वाचा. अतिनील दिव्याखाली २००० तास, आलटून पालटून दमट हवा, शेरा 'पास'. तुमच्या माहितीपत्रकात याचेच 'उन्हातली ५ वर्षे' झालेत. २००० तास म्हणजे ८३ दिवस. दिवा उन्हापेक्षा कडक असतो हे मान्य, पण तासांची वर्षं करायचा पाढा तुम्हाला कोणी शिकवला? आणि नमुन्याच्या रकान्यात रंग लिहिला आहे : काळा. काळ्या मालात कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी असते, ती ऊन स्वतःवर घेते. माझ्या छतावरची काळी टाकी १४ वर्षं उभी आहे, तिला कुठल्याही अहवालाची गरज नाही. मी तुमच्याकडून लाल-पांढरे घेतले. लाल-पांढरे!

तुमचं नाव ऐकून दोन पैसे जास्त मोजले होते, तेच जास्त लागतं मनाला.

इथून जवळच, अमरावती-अकोला पट्ट्यात, २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीजमध्ये नोंद आहे. तुम्हाला 'फोटो पाठवा' म्हणायला ११ दिवस लागले. फोटो पाठवून आज तीन आठवडे झाले. तोवर मी डांबराचे रिकामे ड्रम चुन्यानं रंगवून उभे केले आहेत. रात्री कोणी आपटलं तर जबाब मला द्यायचा आहे, तुमच्या अहवालाला नाही.

९ बॅरिअर बदलून द्या आणि उरलेल्या १५ च्या रंगाचा, त्याच बॅचचा अहवाल द्या. तुकडा आधी दिव्याखाली ठेवून मग त्यावर वजन पाडलेल्या चाचणीचा. ताजा तुकडा फोडून दाखवू नका. १५ दिवस वाट बघतो, मग जिल्हा ग्राहक आयोग. धंद्यासाठी घेतलेला माल कायद्यात बसत नाही, असं तुमचा वकील म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या त्याच कायद्यात सूट आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

बिलाची आणि फोटोंची प्रत सोबत जोडली आहे. (पुन्हा.)

ता. क. : फुटलेले ९ डबे तुमचा माणूस बघायला येईपर्यंत कडुनिंबाखाली ठेवले आहेत. सावलीत आहेत.