ताई, तुझ्या छत्रीमुळे ॲलोस्टेरी कळली, थँक यू

ताई, समोर थँक यू म्हणायला गेले की तू "असू दे गं" म्हणून विषय बदलतेस, म्हणून इथे लिहितेय.

एमएस्सीची परीक्षा चार दिवसांवर आलेली आणि मला फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, म्हणजे पेशीत साखर जाळण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम, काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. एटीपी, पेशीला एनर्जी पुरवणारा रेणू, त्याचा सबस्ट्रेट, म्हणजे ज्यावर ते काम करतं तो, आणि तोच त्याला अडवतो पण, हे कसं? क्लासमध्ये विचारलं तर म्हणे पाठ कर. त्या दिवशी ठाणे स्टेशनला धो धो पाऊस, लोकल लेट, आणि तू छत्री माझ्यासमोर धरलीस, बटण कुठंय? दांड्यावर. उघडतं काय? वरचं कापड. बोट कापडाला लागलं का? नाही ना, मग झालं, रेणू बसतो एका जागी आणि एन्झाइमचा आकार बदलतो दुसरीकडे, जिथे खरं काम चालतं तिथे, हीच ॲलोस्टेरी.

मग लेडीज डब्यात, चेंगरून उभं राहून, तू एटीपीचं कोडं सोडवलंस. त्याला या एन्झाइमवर दोन जागा आहेत. कामाची जागा थोड्या एटीपीतही भरते, कंट्रोलची जागा मात्र एटीपी भरपूर झालं तरच, आणि ती भरली की फ्रुक्टोज-६-फॉस्फेटवरची, म्हणजे ज्या साखरेवर ते काम करतं तिच्यावरची, पकड सैल होते, एनर्जी आहे ना हाताशी मग साखर कशाला जाळा. आणि दादरचा ब्रिज धावत चढलो की? स्नायूतलं एटीपी जरासंच उतरतं पण एएमपी कितीतरी पट वाढतं, कारण एटीपी वापरलं की एक फॉस्फेट कमी होऊन एडीपी उरतं, आणि दोन एडीपी मिळून एक एटीपी नि एक एएमपी होतात, आणि तेच एएमपी येऊन ब्रेक काढतं. हे ऐकून मला खरंच अंगावर काटा आला, पेशी नुसतं एटीपी मोजत नाही बसत, एएमपीवरूनही ओळखते!

सबस्ट्रेट वाढवत नेला की एन्झाइमचा वेग कसा वाढतो त्याचा एस आकाराचा ग्राफ पण त्याच दिवशी कळला, एन्झाइमचे चार तुकडे एकमेकांना धरून असतात, बदलले की सगळे एकदम बदलतात, हे मोनो, वायमन आणि शांझ्यू यांचं १९६५ चं मॉडेल. कोशलँडचं १९६६ चं मॉडेल म्हणतं एकेक करून बदलतात, ते पेपरात आलं आणि मी दोन्ही लिहिली, आकृत्यांसकट.

ताई, तू दिवसभर लॅबमध्ये उभी असतेस, घरी जाऊन स्वयंपाक, तरी चार दिवस रोज माझ्यासाठी तीच लोकल पकडलीस. मी विसरणार नाही गं. छत्री अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देते, तेव्हा हिमोग्लोबिनचं पण विचारायचंय.