पापणीची शस्त्रक्रिया म्हणजे फेशियल नव्हे

महोदय,
पापणीवरची सैल कातडी आणि डोळ्यांखालच्या पिशव्या तासाभरात घालवून देण्याच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर सतत दिसतात. धोक्यांचा उल्लेख त्यात क्वचितच असतो. वरच्या पापणीची जादा कातडी नैसर्गिक घडीत छेद घेऊन काढतात. खालच्या पापणीतली चरबी अनेकदा आतल्या बाजूने काढतात, म्हणजे व्रण दिसत नाही. पण कातडी थोडी जास्त कापली गेली, तर डोळा पूर्ण मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते, खालची पापणी बाहेर उलटूही शकते. डोळ्यामागे रक्तस्राव होणे दुर्मीळ, साधारण २००० रुग्णांत एक. पण तातडीने उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर डोळा ठणकू लागला, पुढे आला किंवा अंधूक दिसू लागले, तर सकाळची वाट पाहू नये, हे किती जणांना सांगितले जाते? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची आणि कोरड्या डोळ्यांची चौकशी तर आधीच व्हायला हवी. (नजरेवर उतरलेल्या पापणीमुळे ज्यांना नीट दिसत नाही, त्यांना या शस्त्रक्रियेचा मोठा आधार आहे, त्याला माझा विरोध नाही.) अशा प्रत्येक जाहिरातीत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, नाशिक