दहा सेकंद राहिले होते

ॲन आर्बर,
20 ऑक्टोबर 2015

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी मी फोन उचलला नाही म्हणून आई रात्रभर जागी होती, असं दादाने कळवलं. तब्येत ठणठणीत आहे. मॅच हरलो, एवढंच. "शनिवारी भारताची मॅचच कुठे होती?" असं बाबा म्हणतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं मिशिगन आणि शंभरेक किलोमीटरवरचं मिशिगन स्टेट, या दोन विद्यापीठांचं अमेरिकन फुटबॉलमधलं (चेंडू हातात घेऊन पळायचा तो खेळ) वैर पिढीजात आहे. आमचा रंग निळा, त्यांचा हिरवा. नवरा निळा, बायको हिरवी अशी घरंही आहेत इथे. गेल्या वर्षी आमच्या संघाने पार लाज काढली होती. यंदा जिम हार्बॉ, इथलाच जुना खेळाडू, प्रशिक्षक म्हणून आला आणि लागोपाठ तीन सामन्यांत समोरच्याला एकही गुण मिळू दिला नाही. मग काय, अख्खं गाव हवेत! शनिवारी स्टेडियमात लाखावर माणसं होती, बाप्पा.

दहा सेकंद राहिले होते. आम्ही 23-21 ने पुढे. चेंडू लांब लाथाडायचा, की संपलं. हे काम ब्लेक ओनीलचं. मेलबर्नचा पोरगा, त्याच सामन्यात त्याने 80 यार्डांची किक मारली होती. त्याच्याकडे आलेला चेंडू जरा खाली आला आणि हातातून निसटला. उचलून तसाच मारायला गेला तर हिरवे अंगावर आले. चेंडू उडाला तो थेट त्यांच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो 38 यार्ड पळाला. रेषेपलीकडे पोचला, म्हणजे त्यांना सहा गुण, तेव्हा घड्याळात शून्य. 27-23, आम्ही हरलो. त्या गदारोळात त्याचाच खुबा मोडला, म्हणजे जिंकून देणारा थेट दवाखान्यात!

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, कानात ट्रान्झिस्टरचा इअरफोन. त्यांनी तो काढला, वायर बोटांभोवती नीट गुंडाळली, खिशात ठेवली आणि बसून राहिले. बायको दोनदा "चला" म्हणाली, त्यांना ऐकूच गेलं नाही. बाबा, तुम्हीच आठवलात.

नंतर लोकांनी ओनीलला इंटरनेटवर नको नको ते लिहिलं, अगदी मरून जा इथपर्यंत. शेवटी क्रीडाविभागाचे प्रमुख जिम हॅकेट यांना चाहत्यांसाठी खुलं पत्र काढावं लागलं. त्या 80 यार्डांच्या किकला उभं राहून ओरडणारेही हेच लोक. आधीच्या तासाभरात आमच्या बाकीच्यांनी काय दिवे लावले, ते मात्र कोणी काढत नाही.

आपल्या घरी शारजाचं नाव काढायची सोय नव्हती. 18 एप्रिल 1986, शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार धावा हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस, मियांदादचा षटकार. आई सांगते, बाबा, चेतनला तुम्ही घातलेल्या शिव्या तिने तोवर कधी ऐकल्याच नव्हत्या. आणि दीड वर्षाने, 31 ऑक्टोबर 1987 ला, आपल्याच नागपुरात व्हीसीए मैदानावर त्याने न्यूझीलंडचे तिघे ओळीने त्रिफळाचीत केले, वर्ल्डकपमधली पहिली हॅटट्रिक, तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडणारेही तुम्हीच! त्याच दिवशी गावसकरने शतक ठोकलं, तरी तुमच्या तोंडी अजून चेतनच.

म्हणून विचारते. मधल्या दीड वर्षात राग गेला कुठे? हॅटट्रिकने धुतला गेला, की आधीच आपोआप विरला होता? ओनीलचं कॉलेजातलं हे शेवटचं वर्ष. त्याला तसा दिवस मिळेल की नाही, कोण जाणे.

रविवारी तुमच्या सकाळी फोन करते. आई, तू मध्येच लग्नाचा विषय काढू नकोस, आधी बाबांना बोलू दे. परवा दसरा, माझ्या वाटणीचं सोनं दादाच्या हाती द्या. आणि बाबांनी गुडघ्याच्या गोळ्या परस्पर बंद केल्यात, हेही दादाने सांगितलंय. त्यावर वेगळं भांडण होईल.

तुमची,
मनू